सहा कट्टैचा राजपार्ट

कुंभकोणमच्या आमच्या घरी जेवणं लांबायची ती एकाच वादापायी. नाटकातला थोर राजपार्ट म्हणायचं कोणाला? राजपार्ट म्हणजे तमिळ संगीत नाटकातला मुख्य गायक नट. राजा तोच, प्रियकर तोच, आणि पडदा वर गेल्यावर पहिलं पद म्हणून लोकांना खुर्चीत बसवणाराही तोच.

माझे आजोबा चंद्रमौली राव नाटकं लिहायचे, पदांना चाली लावायचे आणि पेटी वाजवायचे. ते म्हणायचे, गळा आधी, बाकीचं मागून शिकवता येतं. मणी मामा, म्हणजे आजीचे भाऊ, मृदंगावर असायचे. त्यांचं म्हणणं, शब्द कळला नाही तर गळा घेऊन काय करायचा? आजीचं, अंबाबाईचं, मत वेगळंच. "राजा राजासारखा दिसला पाहिजे. कंबरपट्ट्यावर पोट येऊन बसलं तर मी उठून घरी येईन." आणि सेतुमाधव मामा, माझ्या आत्याचे यजमान (आमच्याकडं त्यांनाही मामाच म्हणतात), रेल्वेत तिकीट तपासनीस होते. त्यांना सुराचं काही कळायचं नाही आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. ते म्हणायचे, "जो वेळेत संपवतो तो थोर."

या सगळ्यांमध्ये एकच माणूस गप्प असायचं, ती माझी आत्या सीतालक्ष्मी. गावातल्या प्रत्येक राजपार्टला तिनं पंचवीस वर्षं पेटीची साथ केली होती. तिला विचारलं की ती पानावरचा भात पुढं ओढून म्हणायची, "मज काय कळतें? मी पेटीवाली."

मी तिच्या धाकट्या भावाची मुलगी, नित्या. लग्न होऊन सांगलीला आले तेव्हा माझं मराठी ऐकून सासूबाई म्हणाल्या, सून पोथीतून उठून आलीय. तंजावरकडं आम्ही तीनशे वर्षं घरात हे असंच बोलत आलो आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तमिळ. आता माझं बोलणं सांगलीसारखं झालंय. आत्याचं मात्र अजून तेच आहे, सगळ्याला ती अजून 'अस्का' म्हणते, आणि तिच्याविषयी लिहायचं तर तिचं बोलणं तसंच ठेवायला हवं.

आत्या पेटीवर बसली त्याची गोष्ट अशी. आजोबांनी पेटी शिकवायला घेतलं होतं माझ्या वडिलांना. वडिलांना कान नव्हता. ते रोज सकाळी रडत पेटीपुढं बसायचे, आणि आत्या स्वयंपाकघरातून ओरडायची, "चुकलें! काळी चार म्हणत्यात अप्पा, तू कोठें बोट ठेवतोस?" दोन महिन्यांनी आजोबांनी मुलगा उठवला आणि मुलगी बसवली. लोकांपुढं वाजवायचा प्रश्नच नव्हता. घरापुरतं चाललं होतं.

एकाहत्तर साली नाटकाच्या दोन दिवस आधी आजोबांचा उजवा हात गेला. झटका आला होता. बोलणं जरा अडखळत होतं, हात मात्र पूर्ण लुळा पडला. तिकिटं खपली होती, दुसरा पेटीवाला त्या पदांच्या चाली जाणत नव्हता. मणी मामांनी तोड काढली. पेटी रंगमंचावर नेहमीच्या जागी न ठेवता पडद्याआड, विंगेत ठेवायची. एकोणीस वर्षांची आत्या तिथं बसली आणि तिनं अख्खं नाटक वाजवलं. प्रेक्षकांना वाटलं चंद्रमौली रावच वाजवताहेत. नाटक संपल्यावर एक गृहस्थ आत येऊन म्हणाले, "राव, तब्येत बरी नव्हती म्हणे, पण आज हात काय चालला!" आत्या खाली मान घालून बसली होती. मामांनी त्या गृहस्थांना तिच्याकडं बोट करून दाखवलं.

गावात आठ दिवस चर्चा झाली. मग लोकांना सवय झाली. पुढच्या वर्षापासून पेटी पुन्हा रंगमंचावर उजव्या कोपऱ्यात आली आणि तिच्यामागं आत्या, तिरुभुवनमची साधी रेशमी साडी नेसून, केसांत दवणा माळून. पुढं तिला तिरुभुवनमच्या विणकर सोसायटीत साड्या दाखवायची नोकरी लागली. दिवसभर गिऱ्हाइकांपुढं घड्या उलगडायच्या, पुन्हा घालायच्या, आणि संध्याकाळच्या बसनं परत येऊन तालमीला बसायचं. सेतुमाधव मामांची बदली कधी विल्लुपुरम, कधी मदुरै. ती माहेरीच राहिली. ते सुट्टीला येत, पेटी वाजत असली की अंगणात जाऊन वर्तमानपत्र वाचत.

आता ते दोन राजपार्ट.

एक कृष्णकुमार, तिरुविडैमरुदूरचे. घरची भातशेती होती. उंच, रुंद खांद्यांचे, आणि गळा असा की त्यांना मायक्रोफोन लागायचा नाही. आमच्याकडं पट्टीला कट्टै म्हणतात. साधा पुरुष एक-दीड कट्टैत गातो. जुन्या नाटकवाल्यांना, मायक्रोफोन नव्हता तेव्हा, चार-पाच कट्टैत गावं लागायचं, म्हणजे आवाज माळरानावर शेवटपर्यंत जायचा. कृष्णकुमार साडेपाच कट्टैत गायचे. पेटीवर ती काळी चार. त्यांनी तारसप्तकातल्या पंचमावर उभं राहावं आणि लोकांनी श्वास धरून बसावं, असं व्हायचं. शब्द मात्र अर्धे गिळायचे.

दुसरे सुंदरेश, तिरुनागेश्वरमला शाळामास्तर. अंगानं किरकोळ. गळा लहान, तीन कट्टैच्या वर जायचं नाव नाही. पण शब्द असा टाकायचे की समोर बसलेल्या म्हातारीला वाटावं, हा माझ्याशीच बोलतोय. मी लहानपणी त्यांचीच पदं पाठ म्हणायचे, कारण तीच मला कळायची.

आजोबांचं एक नाटक होतं. राज्य गमावलेला राजा फुलं विकणारा होऊन आपल्याच नगरात परत येतो. राणीच्या दारापुढं उभा राहून फुलांची नावं घेत पद म्हणतो आणि राणी आवाजावरून त्याला ओळखते. पद खालच्या षड्जावर सुरू होतं आणि चढत चढत वरच्या पंचमावर जातं. हे एक पद नीट गाता आलं तर राजपार्ट, नाहीतर नाही, असं गावात मानलं जायचं.

चौऱ्याऐंशी साली नाटकं करणाऱ्या आमच्या सभेच्या पंचविसाव्या वर्षी कोणाच्या तरी डोक्यातून निघालं की दोन संध्याकाळी तेच नाटक करायचं. शनिवारी सुंदरेश, रविवारी कृष्णकुमार. राणी दोन्ही दिवस भवानीच, मदुरैहून आणलेली. आणि रविवारी नाटक सुटल्यावर लोकांनी आपल्या तिकिटाचा तुकडा दाराशी ठेवलेल्या दोन दुधाच्या कॅनपैकी एकात टाकायचा. मी आठ वर्षांची होते. माझं तिकीट नव्हतं म्हणून मी दोन दिवस रुसले होते.

शनिवारी सुंदरेश गायले. मला आठवतंय, ते फुलांची नावं घेत होते तेव्हा माझ्या शेजारच्या बाई ओठ हलवून ती नावं मोजत होत्या. रविवारी सकाळी सुंदरेशमास्तर आमच्याकडं आले, हातात कोवळ्या विड्याच्या पानांची जुडी. ती आत्याला देऊन म्हणाले, "अम्मा, काल दारापुढच्या पदात तुम्ही पेटीचा भाता जवळजवळ बंद केलात. नुसता एक सूर धरलात. पेटीचा नेहमीचा भरणा असता तर माझा आवाज कोणाला ऐकू आला नसता." आत्यानं पानं घेतली आणि म्हणाली, "शब्द चांगले होते, मध्यें काय यायचें?"

त्याच दुपारी कृष्णकुमारांची शेवटची उजळणी होती. त्यांना सर्दी झाली होती. पण गावभर त्यांनी सांगून ठेवलं होतं की आज साडेपाच नाही, सहा कट्टै. आतापर्यंत या भागात कोणी सहा कट्टैत हे पद गायलं नाही. उजळणीत वरच्या पंचमाला आवाज फाटला. एकदा नाही, तीनदा.

आत्या म्हणाली, "अण्णा, साडेपाचवर ठेवूं या. कोणाला काय कळणार?"

कृष्णकुमार तापट होते. म्हणाले, "मला कळेल. पेटीनं पेटीचं काम करावं. सूर मी ठरवतो."

खोलीत सहा-सात माणसं होती.  आत्यानं पेटीवर कापड घातलं आणि ती घरी आली. आजी विचारत होती, झालं काय, तर म्हणाली, डोकं दुखतंय.

संध्याकाळी पडदा वर जाण्याआधी नेहमीप्रमाणं तिनं मणी मामांना मृदंग लावायला सूर दिला. तो पांढऱ्या सहाचा, म्हणजे सहा कट्टैचा असायला हवा होता. तिनं साडेपाचची काळी चार दाबली. मामांनी पेटीवरच्या तिच्या बोटाकडं पाहिलं, मग तिच्या तोंडाकडं. मामा सुंदरेशच्या बाजूचे. कृष्णकुमारांचा आवाज भर सभेत फाटला असता तर त्यांच्याइतका आनंद कोणाला झाला नसता. त्यांनी मृदंग ठोकून लावायचा दगड उचलला आणि मुकाट्यानं तो साडेपाचवर उतरवला.

कृष्णकुमार त्या संध्याकाळी जे गायले ते ऐकलेली माणसं अजून सांगतात. दारापुढच्या पदात वरच्या पंचमावर ते थांबले. सर्दी कुठं गेली कोणास ठाऊक. मी आजीच्या मांडीवर उभी राहिले होते. आजीनं मला खाली ओढलं नाही. पडदा पडल्यावर लोकांनी त्यांना खांद्यावर घेऊन महामहम् तळ्यापर्यंत नेलं. कॅनमधली तिकिटं पाहायचीही गरज नव्हती, सुंदरेशच्या कॅनचा तळ दिसत होता. दुसऱ्या दिवसापासून ते 'आरु कट्टै' कृष्णकुमार झाले. आरु म्हणजे सहा. भिंतींवरच्या जाहिरातींत तेच नाव रंगवलं जायचं. आणि दोघांनी, आत्यानं आणि मणी मामांनी, यातलं अक्षर कधी कोणाला सांगितलं नाही. सेतुमाधव मामांनाही नाही. मणी मामा तर तेव्हापासून वादात पडले तरी सहा कट्टैचा विषय निघाला की पान लावायला उठून जायचे.

सत्त्याण्णवला सभा बंद पडली. टीव्ही होता, शिवाय माणसं थकली होती. आजोबा गेले, मणी मामा गेले, आजी गेली, दोन हजार नऊ साली सुंदरेशमास्तर गेले, मग सेतुमाधव मामाही. आत्या निवृत्त झाली आणि आमच्या जुन्या गल्लीतच, दोन खोल्यांच्या घरात एकटी राहू लागली. पेटी तिच्याजवळच होती. रोज सकाळी कॉफी झाली की अर्धा तास वाजवायची.

गेल्या वर्षी मी पंधरा दिवस तिच्याकडं गेले होते. तेव्हा कृष्णकुमारांची नात सौम्या आली. ती बँकेत काम करते, चेन्नैहून बदली होऊन आली होती. आजोबांना ऐंशी पूर्ण झाली म्हणून जुन्या नाटकवाल्यांना एका मंगल कार्यालयात बोलवायचं, सत्कार करायचा, असा तिनं घाट घातला होता. निमंत्रणपत्रिकेवर मोठ्या अक्षरांत 'आरु कट्टै' लिहिलं होतं.

"सीतापाट्टी, त्या संध्याकाळी पेटीवर तुम्ही होता," सौम्या म्हणाली. पाट्टी म्हणजे आजी. "तेव्हा दोन शब्द तुम्हीच बोलायचे. बाकी कोण आता उरलंय?"

आत्यानं पत्रिका घेतली, चष्मा लावून दोनदा वाचली आणि बरं म्हणाली. सौम्या गेल्यावर मात्र तिनं सकाळचे निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला घेतले.

"काय झालं?" मी विचारलं.

तेव्हा तिनं मला सगळं सांगितलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. सांगून झाल्यावर म्हणाली, "आतां त्या मंडपांत उभें राहून सहा कट्टै म्हणूं, तर खोटें. न म्हणूं, तर एक्याऐंशीव्या वर्षीं त्या माणसाचें नांव पुसूं. सांग, काय करूं?"

 मी म्हटलं, तब्येतीचं कारण सांगून जाऊच नकोस.

"छे," ती म्हणाली. "आधीं जाऊन त्यांस सांगेन. मग ते म्हणतील तसें."

दुसऱ्या दिवशी आम्ही बसनं तिरुविडैमरुदूरला गेलो. वाटेत तिरुभुवनम लागलं, तिची सोसायटी लागली, पण तिनं खिडकीबाहेर पाहिलं नाही. मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत, सोडत बसली होती.

कृष्णकुमार ओसरीवर आरामखुर्चीत बसले होते. खांदे उतरले होते, पण बसणं अजून राजाचं होतं. "ये सीता," ते तमिळमध्ये म्हणाले. "पेटी आणली नाहीस?"

"नाही अण्णा. बोलायला आलेय."

तिनं आडपडदा ठेवला नाही. त्या रविवारी सहा दिली नव्हती, काळी चार दिली होती, मणी मामांनाही ठाऊक होतं, असं तीन वाक्यांत सांगून टाकलं आणि ओसरीच्या कडेला बसली. सौम्या कॉफीचे टंबलर घेऊन दारात आली होती ती तिथंच थांबली.

 कृष्णकुमार म्हणाले, "पहिला सा लागला तेव्हाच कळलं."

आत्यानं मान वर केली.

"मला कान नाही असं वाटलं का तुला? रोज साडेपाचला गाणारा माणूस मी. गळ्याला आपली जागा कळत नाही?"

"मग बोललात का नाही?"

"तेव्हा कसा बोलणार? पडदा वर गेलेला. आणि खरं सांगू, तो सूर ऐकला आणि आवाज फाटायची भीती गेली.  मला वाटलं, नाटक संपलं की हिला जाऊन सांगू. पण लोकांनी उचललं. तळ्याजवळ उतरवलं तेव्हा सगळे सहा, सहा ओरडत होते. तिथं काय सांगतेस? दुसऱ्या दिवशी सांगायचं तर आदल्या दिवशी का नाही सांगितलं, हा प्रश्न. असं करत चाळीस वर्षं झाली." ते थांबले. "त्या दुपारी सगळ्यांदेखत तुला बोललो होतो. त्याचीही माफी मागायची राहिली."

"जाऊं दे अण्णा," आत्या म्हणाली. घाईत ती मराठीत बोलली होती, पण त्यांना कळलं असावं.

"जाऊ दे कसं? उद्या मंडपात सांग. सगळं सांग. मी तिथं असताना सांग. मी गेल्यावर सांगितलंस तर लोक म्हणतील, मेलेल्या माणसाविषयी बोलते."

सौम्याच्या हातातली कॉफी निवली होती. ती आजोबांना एवढंच म्हणाली, "ताता, पाचशे पत्रिका छापल्यात."

"असू देत," कृष्णकुमार म्हणाले. "आरु कट्टै हे नाव आहे. नाव कोणाचं शब्दशः खरं असतं?" आणि ते हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला आणि आत्यानंच उठून पाणी दिलं.

सत्कार सकाळी दहाला होता. शे-दीडशे माणसं आली असतील, बहुतेकांचे केस पांढरे. भवानीबाई मदुरैहून येऊ शकल्या नाहीत, त्यांच्या मुलीनं फुलं पाठवली होती. शाल झाली, हार झाला, मग आत्याला बोलावलं. ती पंचवीस वर्षं रंगमंचावर बसली होती, पण उभी राहून बोलायची ही पहिलीच वेळ. माइकचा दांडा दोन्ही हातांनी धरून तिनं सांगितलं. पट्टी, उजळणी, सर्दी, मृदंग. स्वतःला झालेलं बोलणं तेवढं वगळलं.

 मग मागच्या रांगेतून सुंदरेशमास्तरांचा एक विद्यार्थी उठला, पोस्टातून निवृत्त झालेला, काठी टेकत. तो म्हणाला, "म्हणजे ती निवड रद्द! आत्ताच्या आत्ता पुन्हा मतं घ्या!"

हशा पिकला. कृष्णकुमारांनी बसल्या जागेवरून हात वर करून ओरडून सांगितलं, "माझं मत सुंदरेशला!" त्यावर त्यांच्याच बाजूचे दोघं उठून उभे राहिले. एक म्हणाला, साडेपाच तर साडेपाच, त्या पंचमावर आजवर कोणी उभं राहिलं आहे का? दुसरा म्हणाला, शब्द ऐकायचे असतील तर शाळेत जावं, नाटकाला कशाला यावं? पोस्टातला तो विद्यार्थी म्हणाला, राणीनं राजाला ओळखलं ते शब्दावरून की किंचाळण्यावरून? कोणी एक बाई, मला ओळखीच्या वाटल्या नाहीत, म्हणाल्या की दोघांनाही शेला नीट घेता येत नव्हता. पानं वाढून झाली होती, केळीच्या पानावर भात गार होत होता, आणि म्हातारी माणसं उभ्यानं भांडत होती. मला एकदम माझ्या लहानपणचं घर आठवलं. सौम्या सारखी घड्याळाकडं पाहत होती.

लोकांनी कृष्णकुमारांना गायचा आग्रह केला. ते नाही म्हणाले. "ज्यांनी ऐकलंय त्यांच्या कानात आहे तेच राहू दे," म्हणाले. पुन्हा कोणी आग्रह केला नाही.

परत निघताना आत्याच्या भोवती माणसं जमली होती. तिनं किती जणांना कुठं किती सूर उतरवून दिला, हे विचारत होती. एका म्हाताऱ्या गायकानं घाबरत घाबरत विचारलं, "अम्मा, मलाही कधी...?" आत्या म्हणाली, "तुम्हाला नाही हो. तुम्ही सांगितलेल्या पट्टीतच बेसूर व्हायचात." तोही बिचारा मनापासून हसला.

सांगलीला परतायच्या आदल्या दुपारी आम्ही दोघी जेवून चटईवर पडलो होतो. मी म्हटलं, "आता तरी सांग. थोर कोण?"

मला वाटलं, ती पुन्हा पेटीवाली म्हणून सुटेल. पण ती उठून भिंतीला टेकून बसली.

"एकदां ऐकिलें मी," ती म्हणाली. "शहाऐंशी सालीं असेल. पावसाळ्यानंतरची तालीम, दुपारची. कृष्णकुमार अण्णांस ताप होता. येऊं नका म्हटलें तरी आले. सुंदरेशमास्तर सुट्टीचे म्हणून बसले होते. मणी मामा होते, भवानी होती. बस, एवढेच. अण्णा म्हणाले, आज गात नाहीं, नुसतें पद सांगतों, भवानीला जागा कळूं देत. मी तीन कट्टै दिली. सुंदरेशांची पट्टी. त्यांनीं कांहीं म्हटलें नाहीं."

"मग?"

"तांदळाच्या पोत्यावर बसून म्हणूं लागले. हळू. ताप होता ना, जोर नव्हता. वर जायचें म्हणून जात नव्हते, पद जात होतें म्हणून जात होते. मोगरा म्हटलें, तर मज वास आला, नित्या. शेवंती म्हटली. आणि प्रत्येक शब्द अस्का कळत होता. त्या गळ्यांत एवढे शब्द होते हें मज पंधरा वर्षांत ठाऊक नव्हतें. वरच्या पंचमाला गेले ते असे, जसें कोणी उंबरा ओलांडतें. मीं पाहिलें, सुंदरेशमास्तर रडत होते. भवानीनें पुढचें वाक्य म्हणायचें, ती विसरली. मामांचा हात मृदंगावर तसाच. कोणी ताल धरीना."

 बाहेर भाजीवाला गल्लीतून जात होता, तिनं तो जाईपर्यंत वाट पाहिली.

"मग?" मी पुन्हा विचारलं.

"मग काय? तुझी आजी बोंडे घेऊन आली. अस्के उठून खायला लागले."

"पुन्हा तसे गायले नाहीत कधी?"

"नाहीं. ताप उतरला. मग पुन्हा साडेपाच." ती हसली. "मीं त्यांस एकदां म्हटलें, अण्णा, त्या दुपारीं बरें झालें होतें. ते म्हणाले, कोणत्या दुपारीं?"

एवढं सांगून ती आडवी झाली आणि डोळे मिटून घेतले. तिला झोप लागली नव्हती. चटईवर तिची बोटं हलत होती, आणि कोणतं पद होतं ते मला ओळखता आलं नाही. वडिलांचा कान माझ्यात उतरलाय.